हिरमोड, नाराजी की भ्रमनिरास? असमाधान सांगणारे मराठी शब्द नेमके कसे वापरावेत

मनासारखे न झाल्याची भावना लिहून सांगायची वेळ आली की अलीकडे बहुतेकांच्या हाताशी ‘निराश’ आणि ‘नाराज’ हे दोनच शब्द येतात. सहल रद्द झाली तरी निराश, उमेदवारी नाकारली गेली तरी निराश आणि मागवलेली साडी भलत्याच रंगाची आली तरी निराश. बोलताना मात्र हीच माणसे कितीतरी वेगळे शब्द सहज वापरत असतात: मुलाचा हिरमोड झाला, मामा रुसून बसले, साहेब नाखूष दिसले, जेवणाचा विरस झाला, मतदारांचा भ्रमनिरास झाला. बोलण्यातली ही निवड लिहिण्यात कशी आणावी, हे पायरीपायरीने सांगण्याचा हा प्रयत्न आहे. अर्ज, तक्रार, बातमी, अहवाल किंवा अनुवाद लिहिणाऱ्यांना तो उपयोगी पडावा, तसेच महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मुलांना मराठी शिकवणाऱ्या पालकांनाही.

या शब्दांची सौम्य ते तीव्र अशी उतरंड लावून ती पाठ करावी, असे पुष्कळदा सुचवले जाते. तो मार्ग फारसा कामाचा नाही, असे माझे मत आहे. मराठीतले असे बहुतेक शब्द भावना किती तीव्र आहे यापेक्षा ती येण्यापूर्वी मनात काय होते, हे अधिक स्पष्ट सांगतात. म्हणून शब्द निवडताना पहिला प्रश्न विचारायचा तो मागच्या क्षणाचा.

पहिली पायरी: आधी मनात काय होते ते ठरवावे

मनात उत्साह असेल आणि तो ऐनवेळी मोडला, तर ‘हिरमोड’ होतो. पतंग उडवायला गच्चीवर गेलेल्या मुलांना वारा पडलेला आढळतो, सामना सुरू होण्याआधी पाऊस येतो, मुद्दाम वाट वाकडी करून ज्या खानावळीत जावे तिच्या दारावर ‘आज बंद’ अशी पाटी असते. या सगळ्या प्रसंगांना हिरमोड हाच शब्द हवा. यात कोणाचा दोष असलाच पाहिजे असे नाही आणि ही भावना फार टिकतही नाही. म्हणूनच नोकरी गेलेल्या माणसाचा ‘हिरमोड झाला’ असे लिहिले तर त्याच्या दुःखाची थट्टा केल्यासारखे होते.

मनात आशा असेल आणि ती फळली नाही, तर ‘निराशा’ होते. आशा बाळगायला हक्क लागत नाही; लॉटरीचे तिकीट घेणाऱ्यालाही आशा असते. याउलट ‘अपेक्षाभंग’ होण्यासाठी अपेक्षेला काहीतरी आधार असावा लागतो. एखाद्याने शब्द दिलेला असतो, किंमत घेतलेली असते किंवा त्याच्या आजवरच्या कामावरून काही गृहीत धरलेले असते. नामांकित गायकाची मैफल रंगली नाही तर श्रोत्यांचा अपेक्षाभंग होतो. नवख्या गायकाची रंगली नाही तर फार तर थोडी निराशा होते. हा फरक परीक्षण लिहिणाऱ्यांनी जरूर पाळावा, कारण ‘अपेक्षाभंग’ या शब्दात कलावंताच्या आधीच्या कामाचे मोठेपण मान्य केलेले असते.

मनात एखाद्याविषयी चुकीचा, बहुधा फार चांगला, समज असेल आणि तो गळून पडला, तर ‘भ्रमनिरास’ होतो. या शब्दाच्या लेखनात इतकी चूक होते की इथे थोडे थांबणे भाग आहे. भ्रमनिरास म्हणजे भ्रमाचा निरास. ‘निरास’ म्हणजे दूर सारणे, नाहीसे करणे. ‘शंकानिरसन’ यातला ‘निरसन’ हा त्याचाच भाऊ. ‘निराशा’ हा शब्द मात्र ‘निर्’ आणि ‘आशा’ यांपासून झालेला आहे. दोघांचा उच्चार जवळचा वाटत असल्यामुळे ‘भ्रमनिराश झालो’ किंवा ‘भ्रमनिराशा झाली’ असे सर्रास लिहिले जाते, ते अशुद्ध आहे. अर्थाच्या दृष्टीनेही भ्रमनिरास ही पूर्णपणे वाईट गोष्ट नाही: त्यात दुखावणे असते, पण खरे काय ते कळणेही असते. त्यामुळे पावसामुळे सहल रद्द झाल्यावर कोणाचाही भ्रमनिरास होत नाही. सहलीला नेणारा माणूस लबाड निघाला, तर होतो.

रंगात आलेला प्रसंग बिघडला तर ‘विरस’ होतो किंवा आनंदावर ‘विरजण’ पडते. विरस हा शब्द व्यक्तीपेक्षा प्रसंगाला अधिक चिकटतो. गप्पा ऐन भरात असताना कोणीतरी जमिनीच्या वाटणीचा विषय काढावा आणि सगळ्यांनी ताटाकडे पाहत मुकाट्याने जेवण उरकावे, हा विरस. विरजणही तसेच, मात्र त्याला आधी आनंद लागतो. ‘दुःखावर विरजण पडले’ असे कोणी म्हणत नाही.

मनात भरवसा असेल आणि त्या जोरावर आपण काही करून बसलो असू, तर आपण ‘तोंडघशी’ पडतो. यात निराशेबरोबर चारचौघांत झालेली नामुष्कीही येते. मित्र पैसे आणणार म्हणून आपण दुकानदाराला वेळ दिली, मित्र आलाच नाही आणि दुकानदारासमोर आपली मान खाली गेली, हे तोंडघशी पडणे. ज्याच्या भरवशावर कोणी काही ठरवलेलेच नव्हते, त्याच्यामुळे कोणी तोंडघशी पडत नाही.

आणि मनात हक्काची भावना असेल, म्हणजे समोरच्याने आपले ऐकायला, आपल्याला विचारायला किंवा मान द्यायला हवा होता असे वाटत असेल, तर ‘नाराजी’ येते. ‘राजी’ हा मूळ अरबी शब्द फारसीमार्गे मराठीत आला. राजी म्हणजे संतुष्ट, कबूल. ‘राजीखुशीने’ या शब्दात तो आजही त्याच अर्थाने आहे, आणि आपण ज्याला नोकरी सोडण्याचा कागद समजतो त्या ‘राजीनाम्या’तही मुळात संमतीच आहे. नाराज माणूस म्हणजे ज्याची संमती नव्हती किंवा ज्याच्या संमतीकडे दुर्लक्ष झाले, असा माणूस. म्हणून हवामानावर नाराज होता येत नाही, हवामान खात्यावर होता येते.

दुसरी पायरी: वाक्याची घडण तपासावी

शब्द बरोबर निवडला तरी वाक्याची ठेवण परकी असेल तर मजकूर अनुवादित वाटतो. मराठीत यातल्या कित्येक भावना माणसाला ‘होतात’, माणूस त्या ‘करत’ नाही. माझा हिरमोड झाला, माझी निराशा झाली, माझा भ्रमनिरास झाला, मला खंत वाटते, मला वीट आला, माझे समाधान झाले नाही. ‘मी नाराज आहे’, ‘मी हिरमुसलो’, ‘तो रुसला’ ही वाक्ये मात्र थेट माणसाला कर्ता करतात, आणि तिथे ती व्यक्ती आपल्या भावनेची थोडी जबाबदारीही घेते. नाराज राहणे हे पुष्कळदा ठरवून केलेले असते. हिरमोड ठरवून होत नाही.

‘तू मला निराश केलेस’ हे वाक्य आता मालिकांमुळे आणि जाहिरातींमुळे कानावर पडते. त्यापेक्षा ‘तू माझी निराशा केलीस’ हे अधिक मराठी आहे. पण घरात, शाळेत, कचेरीत मोठ्या माणसाने लहान माणसाला हीच गोष्ट सांगायची असेल तर मराठीत त्यासाठी तयार वाक्य आहे: ‘तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती.’ यात निराशेचा उच्चारही नाही आणि तरी हे ऐकणाऱ्याला रागावण्यापेक्षा जास्त लागते. अनुवाद करणाऱ्यांनी अशा जागी शब्दाला शब्द शोधण्याऐवजी हे वाक्य खुशाल वापरावे.

विभक्तीकडेही लक्ष द्यावे. नाराजी व्यक्ती‘वर’ असते, पण कारणासाठी ‘मुळे’, ‘ने’ किंवा ‘बाबत’ येते: ‘वडील माझ्यावर नाराज आहेत’, ‘माझ्या उशिरा येण्यामुळे वडील नाराज आहेत’, ‘पाणीपुरवठ्याबाबत रहिवाशांत नाराजी आहे’. रुसणे नेहमी व्यक्तीवरच असते. खंत मात्र कशाची तरी किंवा कशाबद्दल तरी असते, कोणावर नसते. ‘मला तुझ्यावर खंत आहे’ हे मराठी नव्हे.

लिंगाची गफलत एकाच शब्दात जास्त होते, तो म्हणजे ‘वीट’. कंटाळ्याच्या अर्थी वीट पुल्लिंगी आहे: ‘या जेवणाचा वीट आला’. बांधकामाची वीट स्त्रीलिंगी. ‘मला वीट आली’ असे लिहिले की वाचणाऱ्याला गवंडीकाम आठवते. बाकी हिरमोड, अपेक्षाभंग, विरस, रुसवा, खेद, विषाद, उबग हे पुल्लिंगी. निराशा, नाराजी, खंत, रुखरुख, हळहळ हे स्त्रीलिंगी. असमाधान आणि वैफल्य हे नपुंसकलिंगी. ‘नाराजगी’ हे रूप हिंदीचे आहे. मराठीत ‘नाराजी’ असताना त्याची गरज नाही.

तिसरी पायरी: कोणाच्या तोंडी शोभते ते पाहावे

‘हिरमुसणे’ हे क्रियापद मुलांसाठी आणि मुलांइतक्या निर्मळ झालेल्या मोठ्यांसाठी आहे. नात हिरमुसते, आजोबाही हिरमुसतात. जिल्हाधिकारी हिरमुसले असे लिहिले तर ते विनोदी ठरते. ‘खट्टू होणे’ थोडे मोठ्या वयाला चालते, पण त्यातही माया आहे. लिहिणाऱ्याला त्या माणसाविषयी आपुलकी असते तेव्हाच तो त्याचे मन खट्टू झाल्याचे सांगतो. ‘नाखूष’ हा शब्द वरिष्ठांसाठी राखीव असल्यासारखा वापरला जातो: साहेब नाखूष आहेत, सासरेबुवा नाखूष आहेत, पक्षश्रेष्ठी नाखूष आहेत. शिपाई साहेबांवर नाखूष आहे असे सहसा कोणी म्हणत नाही. शिपाई कुरकुर करतो.

‘रुसणे’ या शब्दाला मराठी संस्कृतीत मोठी जागा आहे. रुसण्यासाठी आधी प्रेम किंवा मान असावा लागतो, आणि रुसलेल्या माणसाला कोणीतरी समजूत काढायला येईल याची मनातून खात्री असते. पंढरपूरची कथाच या भावनेवर उभी आहे: द्वारकेत राधेला कृष्णाजवळ पाहून रुक्मिणी रुसली, दिंडीरवनात येऊन बसली आणि तिला शोधत देव मागोमाग आले, असे परंपरा सांगते. पंढरपुरात विठ्ठल आणि रखुमाई एका गाभाऱ्यात शेजारी उभे नाहीत, रखुमाईचे स्थान वेगळे आहे, आणि त्याचे कारण भाविक याच रुसव्यात सांगतात. अनोळखी दुकानदारावर कोणी रुसत नाही, ते याचमुळे.

रुसव्याचे जवळून दर्शन घ्यायचे असेल तर लग्नघरासारखे ठिकाण नाही. वरमायेला साडी मिळाली, पण ती देताना बसायला पाट मांडला नाही. मोठ्या काकांना पत्रिका मिळाली, पण ती टपालाने आली, कोणी घरी येऊन अक्षत दिली नाही. साडीत किंवा पत्रिकेत उणे काही नसते, तरी काका लग्नाला येतात, मागच्या रांगेत बसतात, जेवायला चला म्हटल्यावर ‘मला भूक नाही’ म्हणतात. अशा काकांसाठी ‘असमाधानी’ हा शब्द अगदीच कोरडा आहे आणि ‘निराश’ चुकीचा आहे. काका रुसले आहेत. पण त्यांच्यापेक्षा वयाने लहान असलेल्याने हे त्यांच्यासमोर म्हणू नये. ‘काका, तुम्ही नाराज आहात का?’ असे विचारावे. रुसणे दुसऱ्याविषयी बोलताना वापरायचा शब्द आहे. स्वतःविषयी ‘मी रुसलोय’ असे एक तर मूल म्हणते, नाही तर लाडात आलेली व्यक्ती.

चेहऱ्याचे वाक्प्रचारही याच पायरीवर पाहून घ्यावेत. ‘चेहरा पडला’ म्हणजे बातमी ऐकताच आपोआप उतरला. ‘तोंड पाडून बसला’ म्हणजे दिसावे म्हणून बसला. पहिल्यात सहानुभूती आहे, दुसऱ्यात बोलणाऱ्याची चीड. ‘पडणे’ आणि ‘पाडणे’ एवढाच फरक, पण कथेत किंवा बातमीत तो चुकला की पात्राविषयीचे मत बदलते. ‘तोंड एवढेसे झाले’ यात कीव आहे. ‘तोंड फुगवले’ म्हणजे रुसवा. ‘नाक मुरडले’ यात तर नापसंतीबरोबर तोराही आहे, त्यामुळे स्वतःविषयी कोणी ‘मी नाक मुरडले’ म्हणत नाही.

चौथी पायरी: भावना मागे उरते का, हे विचारावे

वरचे बहुतेक शब्द प्रसंगाच्या वेळचे आहेत. प्रसंग सरल्यावर जे उरते त्याला वेगळे शब्द लागतात. थोडक्यात निसटलेल्या गोष्टीची ‘चुटपुट’ लागते, जसे शेवटच्या चेंडूवर हरलेल्या सामन्याची. करायचे काही राहून गेले याची ‘रुखरुख’ असते. गावाहून निघताना आत्याला भेटलो नाही, ही रुखरुख. ‘हळहळ’ दुसऱ्याच्या नुकसानीबद्दलही वाटते, गावात कोणी तरणाताठा गेला की सारा गाव हळहळतो. ‘खंत’ दीर्घकाळ टिकते आणि ती शांतपणे सांगता येते, म्हणून सत्काराला उत्तर देणारी मंडळी ती ‘व्यक्त’ करतात. ‘सल’ मात्र सहसा व्यक्त होत नाही. ‘हुरहुर’ यात बसवू नये. ती पुढे काय होईल याची असते.

पाचवी पायरी: म्हणी आणि वाक्प्रचार अर्थ तपासूनच घ्यावेत

भरवशाच्या माणसाने निराश केले हे सांगायला मराठीत ‘भरवशाच्या म्हशीला टोणगा’ इतकी चपखल म्हण दुसरी नाही. टोणगा म्हणजे रेडकू, तेही नर. गाभण म्हशीकडून घरातल्या सगळ्यांना पारडीची आशा असते, कारण पारडी मोठी होऊन दूध देणार. टोणग्याचा तसा उपयोग नाही. म्हणीचा जोर मात्र टोणग्यावर नसून ‘भरवशाच्या’ या शब्दावर आहे. जिच्यावर भरवसा नव्हता तिला टोणगा झाला तर म्हण लागू पडत नाही. कसलेला फलंदाज शून्यावर बाद झाला तर ही म्हण वापरावी, शेवटच्या क्रमांकाचा झाला तर वापरू नये.

‘तोंडाला पाने पुसणे’ म्हणजे देऊ म्हणून न देणे. अर्थसंकल्पानंतर विरोधी पक्ष हे हमखास म्हणतात, आणि ते चुकीचे नाही, कारण तिथे आश्वासन आधी दिलेले असते. ‘वाटाण्याच्या अक्षता लावणे’ म्हणजे मागणी किंवा विनंती साफ धुडकावणे. त्यात फसवणूक नसते, नकार असतो. ‘हातावर तुरी देणे’ मात्र या कुटुंबातले नव्हे. त्याचा अर्थ चकवा देऊन निसटणे, आणि तो आरोपी पोलिसांना देतो. ‘सरकारने शेतकऱ्यांच्या हातावर तुरी दिल्या’ असे मथळे अधूनमधून दिसतात, ते वाचून सरकारने शेतकऱ्यांना तूर वाटली असा समज होण्याचीच शक्यता जास्त.

‘दगा देणे’ हा प्रयोग माणसाइतकाच निसर्गाला आणि यंत्राला लागतो. पावसाने दगा दिला, विहिरीवरच्या मोटारीने ऐन पाणी द्यायच्या वेळी दगा दिला. पीक काढणीला आले असताना अवकाळी पावसाने ते झोपवले तर ‘हातातोंडाशी आलेला घास गेला’ म्हणतात. हा वाक्प्रचार शेतीच्या बाहेर नेतानाही त्यातला ‘हातातोंडाशी’ हा भाग विसरू नये: घास अगदी जवळ आलेला असावा. खूप खटाटोप करून थोडके निघाले तर ‘डोंगर पोखरून उंदीर काढला’, नुसताच गाजावाजा होऊन काहीच घडले नाही तर ‘फुसका बार’. तरुणांच्या बोलण्यातले ‘पोपट झाला’ आणि ‘पचका झाला’ हेही नेमके आहेत, कारण त्यात अपेक्षाभंगाबरोबर हसे झाल्याची कबुलीही आहे. औपचारिक लेखनात मात्र ते अवतरणातच यावेत.

सहावी पायरी: बातमीत लिहिताना शब्दांचे वजन पाहावे

वर्तमानपत्रांनी या शब्दांना आपापले वजन देऊन ठेवले आहे आणि अनुभवी वाचक त्यावरून आतली स्थिती ओळखतो. पक्षात ‘कुरबुर’ असेल तर गोष्ट अजून चार भिंतींत आहे. ‘धुसफूस’ म्हणजे ती बाहेर ऐकू येऊ लागली, पण नाव घेऊन कोणी बोलत नाही. ‘नाराजी’ म्हणजे बोलणाऱ्याचे नाव छापायला हरकत नाही. ‘खदखद’ म्हणजे संख्या वाढली आणि नेतृत्वाने दुर्लक्ष केले. यानंतरचा शब्द थेट ‘बंडखोरी’ असतो. उमेदवारी वाटपाच्या दिवसांत ‘नाराजांची मनधरणी’ हा शब्दसमूह रोज दिसतो, तर ‘रुसवेफुगवे’ आणि ‘नाराजीनाट्य’ हे शब्द वार्ताहराला ती नाराजी फारशी खरी वाटत नसल्याचे सुचवतात. म्हणून तटस्थ बातमीत हे दोन शब्द टाळलेलेच बरे. न्यायालयाच्या बाबतीत ‘नाराजी व्यक्त केली’ आणि ‘ताशेरे ओढले’ यांत गल्लत करू नये: सुनावणीत न्यायमूर्ती नाराजी व्यक्त करतात, तर ताशेऱ्यांत एखाद्याच्या वर्तनावर ठपका असतो.

‘असंतोष’ हा शब्द समूहाचा आहे. एका माणसाचे असमाधान असते, कामगारांत, विद्यार्थ्यांत, जनतेत असंतोष असतो, आणि तो कृतीकडे झुकलेला असतो. ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात लोकमान्य टिळकांवर जो ठपका ठेवला, त्याचे मराठीत ‘भारतीय असंतोषाचे जनक’ असे रूप झाले. टिळकांनी चिरोल यांच्यावर लंडनमध्ये अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १९१९ मध्ये तो ते हरले, पण मराठी माणसाने तोच ठपका गौरवाचे बिरुद म्हणून कायम ठेवला. या जागी ‘असमाधानाचे जनक’ ठेवून पाहिले की दोन शब्दांतले अंतर लगेच कळते.

सातवी पायरी: तक्रार आणि अर्ज लिहिताना भावनेचे शब्द मोजून वापरावेत

अर्जात हिरमोड, रुसवा, खट्टू, भ्रमनिरास यांपैकी काहीही येऊ नये. तिथे उपयोगी पडणारे शब्द थोडे आहेत: असमाधान, असमाधानकारक, गैरसोय, मनस्ताप, त्रुटी, खेद. यातला ‘मनस्ताप’ ग्राहक तक्रारीत विशेष महत्त्वाचा, कारण मानसिक त्रासापोटी भरपाई मागताना तोच शब्द रूढ आहे. ‘सेवेतील त्रुटी’, ‘सदोष वस्तू’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ या संज्ञांना ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये ठरलेले अर्थ आहेत, म्हणून ‘भिकार सेवा’ असे लिहिण्यापेक्षा ‘सेवेतील त्रुटी’ लिहिणे केव्हाही हिताचे. ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करण्याची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांची असते. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर दाद मागता येते.

एक नमुना घेऊ. अष्टविनायक यात्रेला नेणाऱ्या एका सहल कंपनीने वेळ नाही म्हणून लेण्याद्रीचे दर्शन गाळले, असे धरू. रागाच्या भरात लिहिलेला मजकूर साधारण असा होतो: ‘तुमच्या सेवेने आम्ही अतिशय निराश झालो. आमचा व आमच्या वृद्ध आईचा प्रचंड हिरमोड व भ्रमनिरास झाला. हे तुम्हाला शोभत नाही.’ यात काय घडले ते कुठेच नाही, आणि तीन वेगवेगळ्या भावना एकाच दमात आल्यामुळे एकही लागत नाही. तोच मजकूर असा लिहावा:

‘आपल्या कार्यक्रमपत्रिकेत दुसऱ्या दिवशी सकाळी लेण्याद्री येथील दर्शन नमूद केलेले असूनही, गाडी मुक्कामाच्या ठिकाणाहून उशिरा निघाल्यामुळे ते वगळण्यात आले व तेथून आम्हांस थेट ओझर येथे नेण्यात आले. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढता याव्यात म्हणून माझ्या आईसाठी डोलीची व्यवस्था आम्ही आधीच सांगून ठेवली होती. आठांपैकी एक स्थान राहिल्याने यात्रा अपुरी राहिली, याचा तिला विशेष मनस्ताप झाला. सेवेतील या त्रुटीबाबत आपल्या प्रतिनिधीने दिलेल्या स्पष्टीकरणाने आमचे समाधान झालेले नाही. तरी शुल्काचा योग्य तो भाग परत करावा, ही विनंती.’

भावनेचा शब्द यात एकच आहे, ‘मनस्ताप’, आणि तो ज्या व्यक्तीला झाला तिच्याशी आणि कारणाशी बांधलेला आहे. ‘समाधान झालेले नाही’ हा प्रयोगही लक्षात ठेवण्यासारखा. समाधान म्हणजे मनाची तृप्ती, तसेच शंकेचे उत्तर मिळणे. अर्जात दुसरा अर्थ चालतो आणि तो पुढच्या पायरीचे दार उघडतो. माहितीच्या अधिकारात मिळालेल्या उत्तराने समाधान झाले नाही तर ३० दिवसांत प्रथम अपील आणि त्यानंतर ९० दिवसांत द्वितीय अपील करता येते. त्या अर्जात ‘मी निराश झालो आहे’ याला काही किंमत नाही. ‘मुद्दा क्रमांक ३ ची माहिती अपूर्ण असल्याने समाधान झालेले नाही’ याला आहे.

कुटुंबातल्या आणि मैत्रीतल्या पत्रात नेमके उलट करावे. जवळच्या माणसाला ‘आपल्या वर्तनाबाबत मी असमाधानी आहे’ असे लिहिणे म्हणजे त्याला नोटीस धाडणे. तिथे ‘मला वाईट वाटले’ हे साधे वाक्य पुरते, आणि ते बहुधा सर्वांत प्रामाणिकही असते.

आठवी पायरी: समोरच्याचे असमाधान दूर करताना जोडशब्द चुकवू नयेत

प्रत्येक भावनेचे निराकरण मराठीत वेगळ्या क्रियापदाने होते, आणि उत्तर लिहिणाऱ्यांची गाडी इथेच जास्त अडते. रुसवा ‘काढतात’ आणि रुसलेल्याची समजूतही ‘काढतात’. नाराजी ‘दूर करतात’. नाराजाची मनधरणी ‘करतात’. तक्रारीचे निवारण होते, शंकेचे निरसन होते, असंतोष शमवला जातो. ‘तक्रारीचे निरसन’ असे कार्यालयीन पत्रांत दिसते, ते टाळावे.

‘खेद’ आणि ‘दिलगिरी’ यांतला फरकही उत्तरात महत्त्वाचा ठरतो. ‘दिलगीर’ हा फारसी शब्द जुन्या मराठीत खिन्न, उदास या अर्थाने येतो. आज मात्र दिलगिरी म्हणजे माफीच्या अलीकडची कबुली. ‘आपली गैरसोय झाली याचा खेद वाटतो’ असे लिहिणारी संस्था चूक आपली होती की नाही, हे सांगत नाही. ‘झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत’ असे लिहिणारी थोडी पुढे येते, आणि ‘माफी मागतो’ म्हणणारी चूक पदरात घेते. वरच्या तक्रारीला उत्तर द्यायचे झाले तर ते असे असावे: ‘लेण्याद्रीचे दर्शन आमच्या नियोजनातील चुकीमुळे राहिले, याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आपल्या मातोश्रींना झालेल्या मनस्तापाची भरपाई पैशांनी होणार नाही, याची आम्हांस जाणीव आहे. त्या दिवसाचे शुल्क परत करण्यात येत असून, आपली इच्छा असल्यास पुढील यात्रेत आपणा उभयतांची लेण्याद्रीपर्यंतची व्यवस्था विनामूल्य करण्यात येईल.’ यात ‘आपला हिरमोड झाल्याबद्दल’ असे लिहिण्याचा मोह टाळलेला आहे. तो शब्द वापरायचाच झाला तर त्या आईने किंवा तिच्या मुलाने वापरावा, कंपनीने नव्हे.